नायट्रस मारताना टायमिंग मागे का घ्यायचं?

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय.

सिनेमात नायट्रस म्हणजे एक बटण. दाबलं की गाडी सुसाट! माझं काम सॉफ्टवेअरचं, त्यामुळे मला मात्र बटणापेक्षा त्यामागचं टायमिंग जास्त भारी वाटतं. इंजिन वाचणार की फुटणार, ते तिथेच ठरतं.

आधी बेसिक. पेट्रोल इंजिनात पिस्टन अगदी वर पोचायच्या थोडं आधीच स्पार्क पडतो. का? कारण मिश्रण एका झटक्यात जळत नाही, आग पसरायला वेळ लागतो. सगळ्यात जास्त दाब हवा असतो तो पिस्टनने वरचं टोक ओलांडल्यावर, क्रँक साधारण १५ अंश पुढे गेल्यावर. तेव्हा तो दाब क्रँकला नीट ढकलतो.

आता नायट्रस. हा वायू स्वतः जळत नाही, तो ऑक्सिजन पुरवतो. हवेत वजनाने साधारण २३ टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रसमध्ये ३६ टक्के. सिलिंडरच्या उष्णतेत तो फुटतो, ऑक्सिजन मोकळा होतो आणि जोडीला जादा पेट्रोल दिलं की ताकद वाढते. पण आगही जोरात पसरते. म्हणजे स्पार्क जुन्याच वेळेला पडला, तर दाब लवकर शिगेला पोचतो. पिस्टन वर येतोय आणि वरून दणका! त्यात उरलेलं मिश्रण आपोआप भडकलं की नॉकिंग. मग हेड गॅस्केट उडतं, नाहीतर थेट पिस्टनला भोक.

मागे घ्यायचं किती? अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगवाल्यांचा ढोबळ हिशोब आहे: दर ५० हॉर्सपॉवरमागे २ अंश. समजा, शेवर्लेच्या स्मॉल-ब्लॉक व्ही-८ ला फुल थ्रॉटलवर ३४ अंश आहेत. १०० हॉर्सपॉवरचा नायट्रस द्यायचा, तर ३० पासून सुरुवात. मग स्पार्क प्लग काढून बघतात. त्याच्या पांढऱ्या भागावर ॲल्युमिनियमचे बारीक ठिपके दिसले, तर समजायचं पिस्टनचा धातू उडतोय. लगेच थांबायचं.

४ अंश म्हणजे किती वेळ? ६००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात ३६ अंश फिरतो. म्हणजे सगळा फरक मिलिसेकंदाच्या नवव्या हिश्श्याचा!

‘अरे, पण नॉक सेन्सर असतो ना?’ असतो. पण तो ठोका ऐकल्यावर जागा होतो. म्हणून नायट्रसचा व्हॉल्व्ह उघडतो त्याच क्षणी ईसीयूला सिग्नल जाऊन टायमिंग मागे आलं पाहिजे. आणि नायट्रस बंद झाला की परत जागेवर, नाहीतर एरवी इंजिन मरगळल्यासारखं चालतं.

आणि हो, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलात असे बदल करू देत नाही. तेव्हा रस्त्यावर प्रयोग नकोत, हे काम ट्रॅकचं.

प्रश्न असतील तर पाठवा. भेटू पुढच्या भागात!