नवा कॅमेरा शेतावर नेण्यापूर्वी

पिकाची पाहणी, रोगकिडींची ओळख आणि नैसर्गिक आपत्तीनंतरचा पंचनामा ह्या तिन्ही कामांत छायाचित्राला आता पुराव्याचे स्थान प्राप्त झाले आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर अमलात आलेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात उभे राहून आपल्या पिकाचे छायाचित्र घ्यावयाचे असते. ते काम मोबाईलवर होते आणि पुष्कळांना तेवढे पुरतेही. तथापि एखादा द्राक्ष बागाईतदारांचा गट किंवा एखादी ग्रामपंचायत सामायिक उपयोगासाठी स्वतंत्र डिजिटल कॅमेरा घेते, तेव्हा त्यामागे सबळ कारण असते. चांगल्या कॅमेऱ्याचे भिंग मोठे असते. बांधावरून पलीकडील मांडव जवळ आणून पाहता येतो, पानाच्या मागील बाजूची बुरशी ठळक दिसते आणि एकाचा मोबाईल सर्वांच्या कामासाठी अडकून पडत नाही. ग्रामसेवक बंधुभगिनींवर असा कॅमेरा प्रथम हाताळण्याची वेळ येते, म्हणून हा लेख.

नवा कॅमेरा खोक्यातून काढताच चित्रे घेऊ लागतो, हीच त्यातील फसगत आहे. मोबाईल आपले घड्याळ मनोऱ्याकडून येणाऱ्या संकेतावरून स्वतः लावून घेतो. कॅमेऱ्याला असे सांगणारा कोणी नसतो. आपण सांगू ती तारीख त्याला खरी वाटते. न सांगितल्यास कारखान्यात ठरवून दिलेली, बहुधा मागल्या एखाद्या वर्षाची १ जानेवारी, धरून तो चालू लागतो.

प्रस्तुत लेखकाने ही चूक स्वतः केली आहे. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर निफाड व आसपासच्या भागांत गारपीट झाली. नवा कॅमेरा आदल्याच दिवशी हाती आला होता. बॅटरी घालताच पडद्यावर तारीख विचारणारे पान आले. घाईत ते पुढे सारले आणि बागेत गेलो. मोडलेल्या काड्या, फुटलेले मणी, जमिनीवर पडलेला पाला यांची शंभरावर चित्रे घेतली. चित्रे उत्तम आली होती. परंतु प्रत्येकावर कित्येक वर्षांपूर्वीच्या १ जानेवारीची तारीख आणि मध्यरात्रीनंतरची वेळ नोंदली गेली होती. चित्रे पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनी विचारले, "ही कोणत्या वर्षीची गारपीट?" पुन्हा चित्रे घ्यावीत, तर बागाईतदाराने मोडक्या काड्या छाटून फवारणी उरकली होती, त्याने तसे करणेच योग्य होते. अखेर पंचनाम्यावर व शेजाऱ्यांच्या सह्यांवर काम निभावले, पण फार विलंबाने. बागाईतदार मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरे वाटले असते.

बॅटरी आणि कार्ड

खोके उघडल्यावर बॅटरी, चार्जर, गळ्यात अडकवावयाचा पट्टा, भिंगाचे झाकण व माहितीपुस्तिका आहेत की नाही हे पाहून घ्यावे. स्मृतिकार्ड पुष्कळदा वेगळे विकत घ्यावे लागते. पट्टा प्रथम बांधावा. ते काम मागाहून करू म्हणणाऱ्याचा कॅमेरा पाटात पडतो.

नवी बॅटरी बारा तास चार्ज केलीच पाहिजे, असा समज अद्याप आढळतो. तो निकेलच्या जुन्या बॅटऱ्यांच्या काळातला आहे. हल्लीच्या लिथियम बॅटरीला तसे करण्याचे प्रयोजन नाही. चार्जरचा दिवा पूर्ण झाल्याची खूण दाखवीपर्यंत एकदा ती भरावी, म्हणजे झाले. मात्र उष्णतेची काळजी घ्यावी. बहुतेक चार्जर ० ते ४० अंश सेल्सिअस तपमानासाठी केलेले असतात. मालेगावकडे वैशाखात भर दुपारी पत्र्याच्या खोलीत बॅटरी भरावयास लावू नये, रात्री लावावी. विहिरीवरच्या पंपाच्या पेटीतून वीज घेऊन ती भरण्याचा मोहही टाळावा, कारण तेथील दाब स्थिर नसतो.

कार्डाच्या डाव्या कडेला एक बारीक सरकती खुंटी असते. ती खाली सरकली असता कार्डाला कुलूप लागते व चित्र उमटत नाही. कॅमेरा बिघडला असे समजून दुकान गाठण्यापूर्वी ही खुंटी पाहावी. नवे कार्ड कॅमेऱ्यातच 'फॉरमॅट' करावे, म्हणजे त्या कॅमेऱ्याला हवी तशी रचना त्यावर तयार होते. ह्या क्रियेने कार्डावरील सर्व काही पुसले जाते. दुसऱ्याचे वापरलेले कार्ड असेल, तर त्याला विचारल्याखेरीज ही क्रिया करू नये.

घड्याळ

बॅटरी घातल्यावर कॅमेरा प्रथम भाषा व नंतर तारीख विचारतो. काही कॅमेऱ्यांत हिंदी, तर क्वचित मराठीही निवडता येते. इंग्रजीचा सराव नसेल त्याने ती सोय अवश्य पाहावी.

तारखेच्या पानावर चार गोष्टी ठरवावयाच्या असतात. पहिली, स्थळ. जगाच्या नकाशावर किंवा यादीत कोलकाता अथवा नवी दिल्ली निवडावी. आपली वेळ ग्रीनिचपेक्षा साडेपाच तास पुढे आहे. दुसरी, उन्हाळी वेळेची सोय. काही देशांत उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे घेतात, आपल्याकडे नाही. म्हणून ती बंद ठेवावी, अन्यथा सर्व चित्रे एक तास चुकतात. तिसरी, तारखेचा क्रम. अमेरिकेत महिना आधी व दिवस नंतर लिहितात. ४ मार्चची गारपीट त्या क्रमाने लिहिली असता आपल्या वाचकास ३ एप्रिलची वाटेल. दिवस-महिना-वर्ष किंवा वर्ष-महिना-दिवस हाच क्रम ठेवावा. चौथी, चोवीस तासांचे घड्याळ. सकाळचे पाच आणि सायंकाळचे पाच यांत मग गोंधळ राहत नाही. वेळ मोबाईलच्या घड्याळाशी मिनिटापर्यंत जुळवावी.

ही तारीख चित्रात दोन ठिकाणी राहू शकते, आणि त्यांतील भेद समजून घेणे अगत्याचे आहे. एक म्हणजे चित्राच्या कोपऱ्यात छापलेली, डोळ्यांना दिसणारी तारीख. ही सोय बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांत असते, परंतु ती मुद्दाम सुरू करावी लागते. एकदा छापलेली तारीख चित्राचाच भाग बनते. ती चुकीची असेल तर तशीच राहते. दुसरी तारीख दिसत नाही. ती चित्राच्या फाईलमध्ये कॅमेऱ्याचे नाव, भिंगाची स्थिती इत्यादि माहितीबरोबर नोंदली जाते. ह्या नोंदीची 'एक्झिफ' नावाची पद्धत जपानमध्ये १९९५ साली ठरविण्यात आली आणि आज जवळजवळ सर्व कॅमेरे तीच पाळतात. पंचनाम्यासाठी दोन्ही असाव्यात.

येथे एक सूचना. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने चित्र धाडल्यास ते लहान केले जाते आणि ही अदृश्य नोंद गळून पडते. कार्यालयाकडे चित्र पाठवावयाचे असेल तर ते 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे, किंवा मूळ फाईल संगणकावर उतरवून द्यावी. मूळ फाईलला कापाकापी, उजळणी काही करू नये. करावयाचे ते तिच्या प्रतीवर करावे.

आणि घड्याळ चुकलेले आहे असे शेतात गेल्यावर ध्यानी आले तर? आमच्याप्रमाणे घाबरून ते लगेच नीट करू नये. प्रथम त्याच चुकलेल्या घड्याळानिशी मोबाईलच्या पडद्यावरील तारीख-वेळेचे एक चित्र घ्यावे. ह्या चित्रात खरी वेळ दिसते व त्याच्या फाईलमध्ये चुकीची वेळ असते. दोहोंतील अंतर म्हणजेच आधीच्या सर्व चित्रांतील चूक. त्यानंतर घड्याळ दुरुस्त करावे आणि नोंदवहीत तसे लिहून ठेवावे. चूक नोंदलेली असली की तिचा हिशेब देता येतो.

एवढ्या बारकाव्याचे कारण काय, असे कोणी म्हणेल. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपात सुरू झाली, तेव्हा स्थानिक आपत्तीची सूचना ४८ तासांच्या आत देण्याचे बंधन तीत होते. पुढे राज्यात योजनेच्या अटी बदलल्या. चालू हंगामाच्या अटी आपल्या कृषि कार्यालयातून समजून घ्याव्या. अटी कोणत्याही असोत, नुकसान कोणत्या दिवशी झाले हा प्रश्न सुटत नाही.

आकार, क्रमांक आणि रंग

चित्राचा आकार सर्वांत मोठा व दर्जा उत्तम ठेवावा. असे एक चित्र साधारण ८ मेगाबाइटचे धरले, तरी ३२ गिगाबाइटच्या कार्डावर सुमारे चार हजार चित्रे मावतात; काटकसरीचे कारण नाही. फाईलचे क्रमांक 'सलग' राहतील अशी निवड करावी. कार्ड बदलताच क्रमांक पुन्हा एकपासून सुरू झाले, तर दोन गावांच्या चित्रांची नावे एकच होतात आणि संगणकावर एक दुसऱ्याची जागा घेते. 'डिजिटल झूम' बंद ठेवावा. तो भिंगाने जवळ आणीत नाही, आहे तेच चित्र ताणतो.

रंगाकडे मात्र सविस्तर पाहावे लागेल, कारण शेतीत रंग हीच पुष्कळदा रोगाची भाषा असते. पान पिवळे पडले ते शिरांमधून की कडांनी, फिकट की गर्द, यावरून अन्नद्रव्याची उणीव ओळखावयाची असते. कॅमेरा पांढरा रंग कोणता हे स्वतः अंदाजाने ठरवितो; त्यास 'व्हाइट बॅलन्स' म्हणतात. मोकळ्या शेतात हा अंदाज बहुधा बरोबर येतो. द्राक्षाच्या दाट मांडवाखाली उजेड पानांतून गाळून हिरवट झालेला असतो, आणि हिरव्या जाळीच्या शेडनेटमध्ये तर अधिकच. तेथे कॅमेरा हिरवा रंग कमी करू पाहतो व निरोगी पानही जांभळट दिसू लागते. उन्हात 'सूर्य' व सावलीत 'सावली' ही खूण निवडावी. त्याहून सोपा उपाय म्हणजे पानाशेजारी कोऱ्या पांढऱ्या कागदाचा तुकडा धरून पहिले चित्र घेणे. तज्ज्ञास त्या कागदावरून उजेडाचा रंग समजतो. त्याच कागदावर गट क्रमांक लिहिला व जवळ मोजपट्टी ठेवली, तर एकाच चित्रात तीन कामे होतात.

जवळचे चित्र घेण्यासाठी फुलाची खूण असते. ती न निवडता कॅमेरा पानाला चिकटविल्यास चित्र धूसर येते. गोडी छाटणीनंतर पाऊस झाल्यास डाऊनी, म्हणजे केवडा, येतो. त्याचे तेलकट पिवळसर डाग पानाच्या वरच्या बाजूस आणि पांढरी बुरशी खालच्या बाजूस असते. एकाच बाजूचे चित्र पाठविणारा अर्धाच प्रश्न विचारतो. दोन्ही बाजू, मग संपूर्ण वेल, मग ओळ, आणि शेवटी विहीर, झाड किंवा खांब अशी ठरलेली खूण दिसेल असा सबंध प्लॉट, ह्या क्रमाने चित्रे घ्यावीत. कांद्याच्या पातीवरील फुलकिडे इतके बारीक असतात की पात उलगडून धरणारा दुसरा माणूस हवाच. ह्या कामात फ्लॅश बंद असावा. दवाच्या थेंबावर तो चमकला की बुरशी आणि पाणी यांतील भेद दिसेनासा होतो.

त्याच जागेवरून ठरावीक दिवसांनी घेतलेल्या चित्रांचा उपयोग आपल्याच जिल्ह्याच्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिला आहे. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१२ च्या सुमारास कुंडीत वाटाणा पेरून, तो रुजून वाढेपर्यंत महिनाभराहून अधिक काळ एकाच ठिकाणाहून चित्रे घेतली आणि त्यांचा मिनिटाभराचा चित्रपट केला. कुंडी आणि कॅमेरा हलले नाहीत, हे त्यातील मर्म. बांधावर एक खुंटी ठोकून प्रत्येक आठवड्यास तेथूनच चित्र घेतले, तर छाटणीपासून काढणीपर्यंतचा बागेचा इतिहास घरात राहतो.

पहिली चाचणी

एवढे झाल्यावर अंगणात चार चित्रे घ्यावीत. एक दूरचे, एक जवळचे, एक सावलीतले आणि एक मोबाईलच्या पडद्यावरील घड्याळाचे. ती संगणकावर उतरवून तारीख, रंग व रेखीवपणा पाहावा. डोळा लावून पाहण्याची खिडकी असलेल्या कॅमेऱ्यात तिच्याजवळ एक लहान चाक असते. चष्मा वापरणाऱ्याने ते फिरवून आतील अक्षरे स्पष्ट करून घ्यावीत. नाहीतर आपल्या डोळ्यांचा दोष भिंगाच्या माथी मारला जातो.

फवारणी चालू असता कॅमेरा ओळीत नेऊ नये. बोर्डो मिश्रणाचा तुषार भिंगावर वाळला की त्याचा डाग सहजी जात नाही, आणि धोतराच्या सोग्याने पुसल्यास ओरखडा कायमचा राहतो. इगतपुरी, पेठ, सुरगाणा भागांत पावसाळ्यात भिंगाच्या आत बुरशी धरते. हवाबंद डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह कॅमेरा ठेवावा, आणि महिन्यातून एकदा तो बाहेर काढून उन्हाच्या उजेडात, परंतु सावलीला, थोडा वेळ ठेवावा.

दीर्घकाळ काम नसल्यास बॅटरी काढून ठेवावी असे पुस्तिकेत लिहिलेले असते, व ते योग्यच आहे. मात्र कॅमेऱ्याचे घड्याळ आतील एका लहान बॅटरीवर चालते, आणि पुष्कळ कॅमेऱ्यांत ती मोठ्या बॅटरीपासूनच भरते. मोठी बॅटरी काही आठवडे बाहेर राहिली की आतील बॅटरी रिकामी होऊन घड्याळ थांबते, आणि पुन्हा तीच जुनी १ जानेवारी उगवते. दसऱ्याच्या सुमारास डबा उघडाल, तेव्हा पडद्यावर तारीख विचारणारे पान आले तर ते पुढे सारू नका.