गोठ्यातला खोकला

मैत्रिणींनो, घरात कुणी आजारी असलं की आपल्याकडची जुनी माणसं हमखास सांगतात, "धारोष्ण दूध द्या, अंग धरील." माझ्या आजीचाही त्यावर भारी विश्वास. आम्ही भावंडं पेले घेऊन गोठ्यात बसायचो आणि आजी देवणी गाईच्या धारा थेट आमच्या पेल्यात सोडायची. त्या फेसाळ, कोमट दुधाची चव अजून जिभेवर आहे. म्हणूनच आज हे लिहिताना हात जरा अडखळतोय.

माझी धाकटी बहीण उदगीर तालुक्यात दिलेली. घरी शेती, दोन म्हशी आणि एक गाय. तिच्या मानेला गाठी आल्या. तेल लावून झालं, लेप लावून झाला, गाठी काही बसेनात. मला म्हणाली, "अक्का, कुणाला सांगू नको. पोरगी लग्नाची हाय." शेवटी मीच तिला लातूरला घेऊन गेले. गाठीत सुई घालून तपासणी केली आणि निदान झालं टी.बी.चं. ती रडायलाच लागली. "पण मला तर खोकला बी नाही!"

डॉक्टरांनी समजावलं, की क्षय फुप्फुसातच होतो असं नाही. मानेच्या गाठींना होतो, आतड्याला होतो, हाडालाही होतो. मग त्यांनी एक प्रश्न विचारला, जो आम्हाला आधी कुणीच विचारला नव्हता. "घरी जनावरं आहेत का? दूध उकळून पिता ना?"

आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो. गाय दोन-तीन महिन्यांपासून खोकत होती. आंबोण खाऊनही वाळत चालली होती, दूधही आटलं होतं. आणि धार काढताना पोरांना पेलाभर निरसं दूध द्यायची आजीची रीत बहिणीनं सासरीही चालू ठेवली होती.

गावी गेल्यावर पशुवैद्यकांना बोलावलं. त्यांनी गाईच्या मानेच्या कातडीत एक इंजेक्शन दिलं आणि बहात्तर तासांनी येऊन तिथली सूज मोजली. जनावराचा क्षय ओळखायची हीच जुनी, खात्रीची रीत. गाईलाही टी.बी. निघाला.

मग बहिणीला तो गाईमुळंच झाला का? मी डॉक्टरांना खोदून विचारलं. ते म्हणाले, "तसं सांगता येणार नाही." गाठीचा क्षय बहुतेक वेळा माणसाकडूनच आलेला असतो. आणि दवाखान्यातली नेहमीची तपासणी टी.बी. आहे एवढं सांगते, जंतू माणसाकडचा की जनावराकडचा हे सांगत नाही. त्यासाठी जंतू वाढवून त्याची वेगळी तपासणी करावी लागते. हे कळणं महत्त्वाचंही आहे, कारण टी.बी.च्या नेहमीच्या चार औषधांपैकी पायराझिनामाइड हे औषध गाईकडच्या 'बोविस' जंतूवर चालत नाही.

हे कोडं शास्त्रज्ञांनाही जुनंच. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये शोधला. पण १९०१ मध्ये लंडनच्या परिषदेत त्यांनीच सांगितलं, की जनावरांच्या क्षयापासून माणसाला फारसा धोका नाही. त्यावर ब्रिटिश सरकारनं आयोग नेमला आणि आयोगानं दहा वर्षं काम करून दाखवून दिलं, की दुधावाटे हा रोग माणसात, विशेषतः लहान मुलांत येतो.

आपल्या देशात जनावरांच्या क्षयावर झालेले अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये एक अंदाज मांडला गेला. शंभर जनावरांमागं सुमारे सात जनावरांना हा संसर्ग असावा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या ९४० नमुन्यांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 'बोविस' एकाही रुग्णात सापडला नाही. सापडला तो त्याचा भाऊबंद 'ओरिजिस', तोही मोजक्याच रुग्णांत. म्हणजे घाबरून जायचं कारण नाही; पण गोठ्याकडं डोळेझाकही करता येत नाही.

गंमत बघा, आपल्या तान्ह्या बाळांना जन्मल्यावर जी बी.सी.जी.ची लस टोचतात, ती याच गाईच्या जंतूपासून झालेली! काल्मेत हे डॉक्टर आणि ग्वेराँ हे पशुवैद्यक. दोघांनी फ्रान्समध्ये १९०८ पासून तेरा वर्षं तो जंतू २३० वेळा पुन्हा पुन्हा वाढवून दुबळा केला आणि १९२१ मध्ये बाळाला पहिल्यांदा लस दिली. माणसांचा डॉक्टर आणि जनावरांचा डॉक्टर एकत्र बसले, तेव्हाच हे जमलं.

आमच्या घरी मात्र खरा पेच पुढंच होता. गाईच्या क्षयावर आपल्याकडं औषधोपचार करत नाहीत. परदेशात असं जनावर मारून टाकतात, आपल्याकडं ते होत नाही. मेहुणे म्हणाले, "हाळी-हंडरगुळीच्या बाजारात नेऊन इकू. तीसेक हजार तर येतील." पोरीच्या नर्सिंगच्या फीला तेवढेच कमी पडत होते. बहीण रात्रभर जागी होती. सकाळी चूल पेटवता पेटवता म्हणाली, "नाही इकायची. जी बाई नेईल ती बी लेकरांच्या पेल्यातच धार काढील की."

मला वाटतं, सगळ्या संशोधनाचं सार तिनं त्या एका वाक्यात सांगितलं.

गाय परसात वेगळी बांधली, तिची गव्हाण आणि पाण्याची घागर वेगळी केली. म्हशींची तपासणी करून घेतली. फीसाठी बहिणीनं कानातलं गहाण ठेवलं. सहा महिने तिनं गोळीचा एकही दिवस चुकवला नाही. गाठी गेल्या. गाय पुढच्या पावसाळ्यात गेली, तिला खोल खड्ड्यात चुना टाकून पुरलं. बहीण दोन दिवस जेवली नाही.

मैत्रिणींनो, धार काढायची, शेण काढायचं, आजाऱ्याचं करायचं, ही सगळी कामं आपलीच. मग शहाणपणही आपणच आणायला हवं. दूध नीट उकळी येईपर्यंत तापवा; त्यात हा जंतू मरतो. निरशा दुधाचं दही-लोणीही नको. गोठ्यात वारा खेळू द्या. जनावर खोकत असेल, वाळत असेल तर पशुवैद्यकांना दाखवा. घरात कुणाला टी.बी. असेल तर त्याला गोठ्यात, वैरणीवर थुंकू देऊ नका. कारण रोग माणसाकडून जनावराकडंही जातो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा न दुखणारी गाठ असेल तर सरकारी दवाखान्यात जा. तपासणी आणि औषधं फुकट मिळतात. आहारासाठी २०१८ पासून महिन्याला पाचशे रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून ते हजार झाले. आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणच सांगा, "आमच्या घरी जनावरं आहेत."

बहिणीच्या पोरीची सोयरीक नांदेडकडं जमली. बोलणीच्या दिवशी बहिणीनं स्वतःच आपला आजार सांगून टाकला. होणारी विहीण म्हणाली, "बरं झालं सांगितलं. आमच्याकडं पण लाल कंधारी गाय आहे. लई खोकतीय बघा."

दोघी तशाच उठून गाईबद्दल बोलत बसल्या. चहाचं दूध तेवढं चुलीवर चांगलं खळखळत होतं.