सातपुड्यातील हिवाळा – लेखांक पाचवा : थंडी, तहान आणि सिकलसेल

डाब परिसरात गोठणाऱ्या दवाचे विवेचन झाल्यानंतर या लेखांकात हिवाळी आहाराचा विचार व्हायचा होता. तथापि अक्राणी तालुक्यातील एका वाचकाने पाठवलेला प्रश्न इतका निकडीचा आहे की, आहाराचे प्रकरण आठवडाभर पुढे ढकलणेच इष्ट ठरते. सिकलसेल असलेले मूल एरवी हिंडते-फिरते असते, मात्र मार्गशीर्ष लागला की गुडघे आणि पाठ धरून का बसते, आणि घरातील वडीलधारे म्हणतात तसा हा वातच आहे काय, असा तो प्रश्न आहे. हा वात नव्हे. रक्तातील एका जन्मजात दोषाची थंडीशी गाठ पडली म्हणजे ही वेदना उद्भवते, आणि नंदुरबार जिल्ह्यात हिवाळ्यातील आरोग्यविचार या दोषाला वगळून करता येत नाही, कारण भिल्ल, पावरा आदी समाजांत त्याचे प्रमाण लक्षणीय आहे.

तांबड्या रक्तपेशींत प्राणवायू वाहून नेणारे जे प्रथिन असते त्याला हिमोग्लोबिन म्हणतात. त्याच्या एका साखळीतील सहाव्या स्थानावरचा एकच घटक बदलला की ‘हिमोग्लोबिन एस’ तयार होते, आणि प्राणवायू सोडून दिल्यावर त्याचे रेणू एकमेकांना चिकटून ताठ तंतू बनतात, त्यामुळे गोल, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकडी व कडक होते. शिकागोतील जेम्स हेरिक यांनी 1910 साली अशा पेशींचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले; भारतात हा दोष 1952 साली निलगिरीतील आदिवासींमध्ये आढळल्याची नोंद झाली. आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आलेली व्यक्ती रुग्ण ठरते, तर एकाकडूनच आलेली व्यक्ती वाहक असते. वाहकाला सहसा त्रास होत नाही, म्हणून पुढील विवेचन रुग्णांपुरते समजावे.

थंडी लागली की शरीर आतली ऊब राखण्यासाठी त्वचेजवळच्या व हातापायांतील बारीक रक्तवाहिन्या आकसून घेते. निरोगी माणसाला त्याने बोटे गार पडण्यापलीकडे काही होत नाही. परंतु सिकलसेलच्या रुग्णात अरुंद झालेल्या वाहिनीतून पेशी रेंगाळत जातात, रेंगाळताना प्राणवायू गमावतात, त्यामुळे तेथेच वाकड्या होऊन वाट अडवतात, आणि पुढच्या हाडाला व स्नायूला रक्त न पोहोचल्याने असह्य कळा सुरू होतात. वैद्यकात या प्रसंगाला वेदनेचा झटका म्हणतात.

याहून कमी ध्यानात येणारे कारण पाण्याचे आहे, आणि या लेखाचा खरा भर त्याच्यावरच आहे. पेशीतील पाणी कमी झाले की हिमोग्लोबिन एस दाटते, आणि त्याची दाटी थोडीशी वाढली तरी तंतू बनण्याचा वेग कितीतरी पटींनी वाढतो. हिवाळ्यात तहान लागत नाही, थंडीने लघवी मात्र जास्त होते. त्यात या रुग्णांच्या मूत्रपिंडांना लघवी दाट करून पाणी राखून ठेवणे लहानपणापासूनच जमेनासे झालेले असते. पाड्यावर पहाटेच्या गारठ्यात झऱ्यावरून हंडे आणावे लागतात, तेव्हा घरातील पाणी जपून वापरले जाणे स्वाभाविकच आहे, पण त्या काटकसरीत रुग्णाच्या पिण्याच्या पाण्याला हात लागता कामा नये. पाणी गार वाटत असेल तर कोमट करून, तहान नसली तरी, दिवसभर थोडे थोडे पाजावे.

थंडी म्हणजे केवळ तापमापकावरील नीचांक, हा समज येथे उपयोगी पडत नाही. ज्या जमैका बेटावर थंडी अशी नावालाच असते, तेथेही गारव्याच्या काळात वेदनेचे झटके वाढतात, असे ग्रॅहम सर्जंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 साली दाखवले. लंडनमधील 2005 सालच्या अभ्यासात तर तापमानापेक्षा जोराचा वारा आणि कोरडी हवा यांचा रुग्णालयातील भरतीशी संबंध दिसून आला. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले तर अंगाला अचानक बसणारा गारठा हाच मुख्य शत्रू मानावा लागतो. नंदुरबारला पौषात सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, डोंगरकुशीतील पाड्यांवर ऊन त्याहूनही उशिरा उतरते, आणि दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. अशा वेळी उजाडण्यापूर्वी गार पाण्याने घातलेली आंघोळ, ओले केस घेऊन केलेली पायपीट, किंवा मोटारसायकलवर उघड्या छातीने घेतलेला घाटातला वारा एखाद्या थंड रात्रीपेक्षाही अधिक घातक ठरू शकतो. म्हणूनच आश्रमशाळांतील गरम पाण्याकडे सुखसोय म्हणून न पाहता औषधोपचाराचा भाग म्हणून पाहिले पाहिजे, आणि सिकलसेलच्या विद्यार्थ्याला उन्हे वर आल्यावर आंघोळ करण्याची मुभा निःसंकोच मिळाली पाहिजे.

शेकोटीची ऊब हितकारक आहे, पण निखाऱ्यांची घमेली बंद झोपडीत घेऊन निजणे सर्वांनाच धोक्याचे आहे. कोंडलेल्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू हिमोग्लोबिनला चिकटून प्राणवायूची जागा बळकावतो, आणि ज्याच्या रक्तात प्राणवायूची मुळातच ओढाताण आहे त्याला तो अधिकच भोवतो. दुखऱ्या सांध्याला गरम कपड्याने शेक द्यावा, बर्फ कधीही लावू नये. ताप, छातीत दुखून धाप लागणे, डोळे एकाएकी अधिक पिवळे होणे, किंवा हातपाय लुळे पडणे, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

सर्वाधिक काळजी वाटते ती दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांची. होळीला गावी परतेपर्यंतचा सगळा हिवाळा त्यांचा उसाच्या फडाशेजारी, पाचटाच्या खोपीत जातो, तोड पहाटेच सुरू होते, आणि उसाच्या पाल्यावरील दवाने कपडे ओलेचिंब होतात. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 रोजी शहडोल येथे सुरू झाले असून त्यात 17 राज्यांतील तपासणीचा कार्यक्रम आहे. तपासणीत रुग्ण ठरलेल्या व्यक्तीने स्थलांतरापूर्वी आरोग्य केंद्रात जाऊन फॉलिक अॅसिडच्या, आणि डॉक्टरांनी दिल्या असल्यास हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या पुरेशा दिवसांच्या घ्याव्यात. हायड्रॉक्सियुरिया मध्येच बंद करणे योग्य नाही आणि रक्ततपासणीविना चालू ठेवणेही योग्य नाही. म्हणून पुढची तपासणी फडाजवळच्या कोणत्या दवाखान्यात होईल हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे, आणि तपासणीचे कार्ड मुकादमाकडे न ठेवता रुग्णाच्या किंवा त्याच्या आईच्या जवळच असू द्यावे.