उरलेल्या लोकरीचा मफलर आणि पावसाचे चार महिने

महाबळेश्वरचा व्यापार म्हणजे आठ महिन्यांची कमाई आणि चार महिन्यांचा खर्च. तेथल्या दुकानदारांना हे कोणी सांगायला नको. वर्षाला सरासरी सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारे हे गाव आहे. जूनच्या मध्यावर पावसाने एकदा ठाण मांडले की दुकानांच्या फळ्या लागतात आणि घरांच्या भिंती झाकल्या जातात. पूर्वी गवताच्या झडींनी, आता प्लॅस्टिकच्या कागदांनी. अलीकडे भर पावसात हिंडायला येणारी तरुण मंडळी दिसू लागली आहेत खरी, पण ती मक्याचे कणीस खातात, भिजतात आणि परत जातात. चपला, कातडी पट्टे, काठ्या, मध, चिक्की यांचा गल्ला भरतो तो दिवाळीपासून मे अखेरपर्यंतच. या बाजारात आपल्या अनेक बांधवांची दुकाने आहेत. त्यांच्या घरातील हातांना पावसाळ्यात काय काम देता येईल, हा प्रश्न जुनाच आहे.

त्यावर एक लहानसे उत्तर म्हणजे उरल्यासुरल्या लोकरीपासून क्रोशाने विणलेला रंगीबेरंगी मफलर. उत्तर लहानसे आहे, हे आधीच सांगून ठेवतो. यातून कोणाचे घर उभे राहणार नाही, आणि यासाठी कोणी कर्ज काढू नये. पण हिशेब नीट मांडला तर पावसाळ्यातील रिकाम्या तासांचे हिवाळ्यात पैसे होऊ शकतात. नीट मांडला नाही तर तोटा दुकानाला होत नाही, विणणारीला होतो. तो तोटा खतावणीत दिसत नाही, म्हणूनच त्यावर लिहावेसे वाटले.

हुनर घरातच आहे

क्रोशाची सुई आपल्या समाजात नवी नाही. पांढऱ्या सुती दोऱ्याची जाळीची टोपी अनेक घरांतून हाताने विणली जाते. साखळी, मुका खांब, खांब हे टाके ज्या हाताला येतात, त्याला मफलरासाठी नव्याने काही शिकावे लागत नाही. टोपीला गोलाई सांभाळावी लागते, मफलर तर सरळ पट्टी. दोरा तेवढा जाड आणि सुई चार मिलिमीटरच्या आसपासची.

व्यापाऱ्याने ध्यानात घ्यावी अशी क्रोशाची एक खुबी आहे. दोन सुयांचे विणकाम यंत्र सहज करते. लुधियानाचे स्वेटर त्यावरच निघतात आणि पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर तिबेटी विक्रेते हिवाळाभर विकतात तो माल बहुतेक तिकडचाच असतो. खरा क्रोशाचा टाका मात्र कारखान्यातल्या यंत्रांना सहसा जमत नाही. क्रोशासारखी दिसणारी यंत्राची जाळी बाजारात मिळते, पण तिचे विणकाम निराळे असते. म्हणजे यंत्राच्या मफलराशी भावात टक्कर घेता येणार नाही, पण हाताच्या कामाची जागाही यंत्र घेऊ शकणार नाही. दुकानात माल मांडताना दोन्ही एका दांडीवर टांगू नयेत. गिऱ्हाईक मग फक्त किमतीच्या चिठ्ठ्या बघते.

उरलेली लोकर म्हणजे फुकटची लोकर नव्हे

गुंड्यांचे शेपटे, अर्धवट सोडलेली कामे, मुलांना लहान झालेले स्वेटर हा आपला कच्चा माल. जुना स्वेटर उसवण्यापूर्वी त्याची बाजूची शिवण उलटून पाहावी. कडा कापून ओव्हरलॉकने शिवलेल्या असतील तर दोरा प्रत्येक ओळीला तुटतो आणि हाती नुसते तुकडे येतात. असा स्वेटर सोडून द्यावा. कडा सलग विणलेल्या असतील तर दोरा अखंड सुटतो. तो खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करावी, कोमट पाण्यात बुडवून वाळवावी, म्हणजे वळ्या निघून दोरा सरळ होतो.

मग लोकर निवडावी. बहुतेकजणी आधी रंग लावतात, पण आधी जाडी लावायला हवी. जाड-बारीक दोरे एका मफलरात आले की पट्टी कुठे फुगते, कुठे आकसते. रंगाची चूक डोळ्यांना खपते, जाडीची खपत नाही.

जाडीनंतर जात. बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळणारा बराच दोरा ॲक्रिलिकचा, म्हणजे कृत्रिम धाग्याचा असतो. दोन्ही ओळखायला काडेपेटी पुरते. खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि मागे उरलेली राख चिमटीत चुरते. ॲक्रिलिक वितळते आणि त्याचा कडक काळा मणी होतो. दोन इंचांचा तुकडा चिमट्यात धरून, शेजारी पाणी ठेवून हे पाहावे. दोन्ही एकत्र विणू नयेत. गरम पाण्यात खरी लोकर आकसून घट्ट होते, ॲक्रिलिक तेवढेच राहते, आणि पहिल्या धुण्यातच मफलर वाकडा होतो.

तोलावर लोकर घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. खरी लोकर हवेतली ओल आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्क्यांपर्यंत पिते, तरी हाताला ओली लागत नाही. जुलैच्या धुक्यात महाबळेश्वरी तोललेली लोकर आणि मार्चमध्ये पुण्यात तोललेली लोकर यांत बराच फरक पडू शकतो. पावसाळ्यात किलोवर लोकर घेणारा काही प्रमाणात पाण्याचे पैसे मोजत असतो. ॲक्रिलिक जेमतेम एक-दोन टक्के ओल घेते, तिथे ही अडचण नाही.

उभा विणायचा की आडवा?

मफलर सहसा रुंदीत विणतात. सात इंचांच्या लहान ओळी घालीत पट्टी लांबवत न्यायची. तुकड्यांच्या लोकरीला ही पद्धत महाग पडते. रंग बदलला की दोन टोके सुटतात. चाळीस रंगबदल म्हणजे ऐंशी टोके, आणि एकेक टोक सुईने आत लपवायला मिनिटभर धरले तरी सव्वा तास त्यातच जातो. नुसत्या गाठी मारून मोकळे होणाऱ्याही असतात. त्या गाठी गिऱ्हाइकाच्या मानेला टोचतात.

त्यापेक्षा मफलर लांबीत विणावा. पाच फुटांची साखळी घालायची आणि तिच्यावर खांबांची ओळ. प्रत्येक ओळ नव्या रंगाची. ओळ सुरू करताना पाच-सहा इंच दोरा मोकळा सोडायचा, संपताना तेवढाच सोडून कापायचा. पंधरा-सोळा ओळींत सात इंच रुंदी भरते, आणि दोन्ही टोकांना सुटलेल्या दोऱ्यांची आपोआप झालर होते. दोन-दोन, तीन-तीन दोरे एकत्र गाठून कात्रीने सारखे केले की झाले. टोके लपवण्याचे काम उरतच नाही, आणि जी अडचण होती तीच शोभा होते.

यात अट एकच, दोरा ओळीला पुरला पाहिजे. खांबाच्या ओळीला तिच्या लांबीच्या आठ-नऊपट दोरा जातो, म्हणजे पाच फुटांच्या ओळीला चाळीस-पंचेचाळीस फूट. प्रत्येकीचा हात सैल-घट्ट असतो, म्हणून एक ओळ विणून, उसवून, मोजून आपले माप ठरवावे. तेवढ्या लांबीला न पुरणारे तुकडे वेगळे ठेवून त्यांचे चौकोन विणावेत किंवा झालर दाट करावी. लाल आणि गडद रंग विणण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून पाहावेत. महाबळेश्वरच्या दवात भिजून लाल रंग पांढऱ्या सदऱ्यावर उतरला, तर ते गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढणार नाही.

खरा हिशेब

आता मुद्द्याचे. असा मफलर सवयीच्या हाताला साडेचार-पाच तास घेतो. मध्यम जाडीची लोकर लागते शंभर ग्रॅमच्या आसपास. उदाहरणादाखल तासाला ५० रुपये मेहनताना धरा; पाच तासांचे २५० झाले. लोकर घरातली असली तरी तिची बाजारभावाने किंमत लावा, समजा ८० रुपये. कारण शेपटे एक दिवस संपतात आणि मागणी आली तर गुंडे विकतच आणावे लागतात. चिठ्ठी-पिशवीचे १० धरा. मफलर घरातून निघतानाच ३४० रुपयांचा झाला. त्यावर दुकानाचे भाडे, वीज, नफा धरून तो साडेचारशे ते पाचशेच्या खाली विकता येत नाही.

यावर दुकानदार म्हणतील, शेजारी यंत्राचा मफलर याच्या निम्म्याने मिळतो, पाचशे कोण देणार? सगळे देणार नाहीत. मग भाव पाडण्यासाठी लोकर ‘फुकट’ धरली जाते, आणि पुढची पायरी म्हणजे बाईचा वेळही फुकट धरला जातो. “नाहीतरी ती घरी बसलेलीच असते!”

हे वाक्य फार जुने आहे. आंध्रातील नरसापूर भागात मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात क्रोशाची लेस शिकवली. तिचा व्यापार परदेशापर्यंत पोचला आणि २०२४ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. जर्मन अभ्यासक मारिया मीस यांनी तेथील विणकरणींवर लिहिलेले पुस्तक १९८२ साली निघाले. लेसचा व्यापार करणारे पैसेवाले झाले होते आणि दिवसाचे सहा-आठ तास विणणाऱ्या बायकांच्या हाती शेतमजूर स्त्रीच्या किमान वेतनापेक्षाही फार कमी पडत होते, असे त्यांना आढळले. सबब हीच की त्या मजूर नाहीत, गृहिणी आहेत, मोकळ्या वेळात विणतात. आयर्लंडमध्ये १८४० च्या दशकातील भीषण दुष्काळात याच क्रोशाच्या लेसने कित्येक कुटुंबे जगवली, हेही खरे. सुई एकच आहे. फरक पडतो तो पैसा कोणाच्या हातात पोचतो यावर.

म्हणून नगावर काम देणाऱ्यांनी एवढे पाळावे. लोकर तोलून द्यावी आणि मफलर तोलून घ्यावा, म्हणजे संशयाला जागा राहत नाही. नगाची मजुरी ठरवण्यापूर्वी एक मफलर आपल्यासमोर घड्याळ लावून विणून घ्यावा. आणि मजुरी माल घेताना चुकती करावी, माल खपल्यावर नव्हे. सीझन येईपर्यंत थांबण्याची ऐपत दुकानात असते, विणणारीच्या घरात नसते.

पैसा तिच्या नावावर जमा व्हावा, हेही महत्त्वाचे. त्याचे उदाहरण सातारा जिल्ह्यातच आहे. दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवडला, १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. संस्थापक चेतना गाला-सिन्हा सांगतात की प्रवर्तक महिला निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. त्या बायका लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि आम्ही व्याज तोंडी काढतो, तुमचे अधिकारी काढतात का पाहा, असे म्हणाल्या. परवाना मिळाला.

सरकारी बाजूचे थोडक्यात. २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत शिंपी आणि पादत्राणे बनवणारे आहेत, क्रोशा नाही. तेव्हा महाबळेश्वरच्या चपला कारागिरांनी ती पाहावी. क्रोशाकाम हस्तकलेत मोडते, म्हणून विणणाऱ्या भगिनींनी केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्त कार्यालयाच्या ‘पहचान’ ओळखपत्राची चौकशी करावी.

कोणाला विकायचा?

डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाकाठी दव गोठते तेव्हा मफलर खपणार यात नवल नाही. मेमधले गिऱ्हाईक मात्र अनेकांच्या ध्यानात येत नाही. मुंबई-गुजरातचा उकाडा सोडून आलेले कुटुंब सुती कपड्यांत येते आणि सायंकाळी मुले कुडकुडू लागतात. त्यांना लहान मुलांचा तीन-साडेतीन फुटी मफलर हवा असतो. त्याला लोकर कमी, वेळ कमी, म्हणून किंमतही कमी, आणि तो यंत्राच्या मालाशेजारीही उठून दिसतो. लाल-हिरव्या ओळींचा स्ट्रॉबेरीच्या रंगांतला करून पाहावा. स्ट्रॉबेरीची आठवण घेऊनच तर लोक इथून परततात.

चिठ्ठीवर खरे तेच लिहावे. ॲक्रिलिक असेल तर ‘ॲक्रिलिक, हाताने विणलेला’. ‘प्युअर वूल’ लिहून पन्नास रुपये जास्त मिळतीलही, पण काडेपेटी गिऱ्हाइकाकडेही असते. खाली धुण्याची सूचना द्यावी: थंड पाणी, पिळू नये, सपाट वाळवावा, इस्त्री फिरवू नये. गरम इस्त्रीने ॲक्रिलिकचा फुगीरपणा एकदा गेला की परत येत नाही.

माल तयार होईल जुलै-ऑगस्टमध्ये आणि विकला जाईल ऑक्टोबरनंतर. तोवर तो पत्र्याच्या ट्रंकेत, पूर्ण कोरडा करून, जमिनीपासून वर ठेवावा. खऱ्या लोकरीत कडुलिंबाचा वाळलेला पाला घालावा, नाहीतर कसर लागते. दर पंधरा दिवसांनी, जेव्हा केव्हा उघडीप मिळेल तेव्हा, ट्रंक उघडून हवा द्यावी.