उलटा बोलणारा आकडा

तळोद्यात ओळखीच्या घरांतले थायरॉइडचे रिपोर्ट वाचून सांगण्याची वेळ माझ्यावर वारंवार येते. प्रश्न बहुधा एकच असतो : ‘टीएसएच वाढलंय, म्हणजे थायरॉइड जास्त झालं ना?’ बहुतेक वेळा उत्तर नेमके उलट असते.

गळ्यातील अवटू ग्रंथी टी-३ आणि टी-४ ही संप्रेरके बनवते. टीएसएच मात्र तिचे नव्हे. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीचे. मालकाने सालदाराला दिलेली हाकच म्हणा ना. काम थंडावले की हाक चढते, काम जास्त झाले की ती बंद होते. टीएसएच जास्त आणि टी-४ कमी, म्हणजे ग्रंथी मंदावलेली. टीएसएच जास्त, पण टी-४ ठीक, म्हणजे मंदपणाची सुरुवात असू शकते. टीएसएच अगदी कमी आणि टी-४ जास्त, म्हणजे ग्रंथी अतिसक्रिय. दोन्ही कमी असतील, तर हाक देणाराच आजारी असण्याची शंका घ्यावी. म्हणून एकटा आकडा वाचू नये. प्रौढांत टीएसएचची मर्यादा साधारण ०.४ ते ४ असते. प्रयोगशाळेनुसार ती थोडी बदलते, गरोदरपणात वेगळी धरतात.

टी-४च्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. डोंगराळ मातीतले आयोडीन पावसाने वाहून जाते. ते आहारात कमी पडले की हाकेला ओ देता देता ग्रंथीच फुगते. हाच गलगंड, रक्ततपासणी नव्हती तेव्हा तोच रिपोर्ट होता. १९५६पासून कांगडा खोऱ्यात झालेल्या अभ्यासाने आयोडीनयुक्त मिठाचा गुण दाखवला आणि १९६२मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. मात्र आज आयोडीन पुरेसे मिळत असूनही ग्रंथी मंदावते. तिथे अनेकदा शरीराची प्रतिकारशक्तीच तिच्यावर उलटलेली असते. तो मंदपणा मिठाने भरून निघत नाही, गोळी लागते.

आणि खरा धोका इथेच आहे. आकडा जागेवर आला की अनेकजण गोळी सोडतात. पण तो आकडा गोळीमुळेच जागेवर आलेला असतो. मात्रा बदलल्यावर टीएसएच स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतात. आठवड्याभरात पुन्हा तपासून काही कळत नाही. गरोदर स्त्रीने तर स्वतःहून गोळी मुळीच थांबवू नये. पहिल्या तीन महिन्यांत बाळाची ग्रंथी कामाला लागलेली नसते. त्याच्या मेंदूची वाढ आईच्याच टी-४वर चालते.