पुसण्याआधी वाचा : जुन्या ग्राइंडिंग यंत्रांचा शोध आणि दुरुस्ती

परळ, लालबाग, दादर या भागाला आपण गिरणगाव म्हणतो. मुंबईतील पहिली कापडगिरणी ताडदेवला १८५६ साली चालू झाली आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत हा सारा परिसर धुराड्यांनी भरून गेला. गिरणी म्हटले की चाती आणि माग डोळ्यांपुढे येतात. पण प्रत्येक गिरणीच्या पोटात एक छोटा यंत्रकारखानाही असे. झिजलेले दंड, बोथट हत्यारे, वाकडे झालेले रूळ तेथे पुन्हा कामाला लावले जात. १८७९ मध्ये सुरू झालेल्या परळच्या रेल्वे वर्कशॉपात हेच काम फार मोठ्या प्रमाणावर चाले. या कारखान्यांतील शेवटचा, नाजूक हात फिरवणारे यंत्र म्हणजे ग्राइंडिंग यंत्र. लेथवर भाग घडतो. तो अचूक होतो ग्राइंडिंगवर.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यानंतर एकेक गिरणी बंद होत गेली आणि यंत्रे किलोच्या भावाने भंगारात गेली. काही मात्र लहान कारखान्यांत, तंत्रशाळांत, गोदामांच्या कोपऱ्यांत उरली. असे एखादे यंत्र हाती आले तर ते कसे ओळखावे आणि कसे दुरुस्त करावे, हे या लेखात पाहू. नियम एकच आहे : पुसण्याआधी वाचा.

चाक कापते कसे?

आपल्याकडे धार लावायची साण पूर्वी कुरुंदाची असे. कुरुंद म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे खनिज. संस्कृत ‘कुरुविंद’, तमिळ ‘कुरुंदम’. इंग्रजीतील ‘कोरंडम’ हे नावही येथूनच गेले. मोहच्या श्रेणीत त्याची कठीणता ९ आहे, म्हणजे त्याच्यावर हिराच. १८९१ साली अमेरिकेत ॲचेसन यांनी विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड तयार केले आणि कृत्रिम घर्षकांचे युग सुरू झाले. आपल्याकडे भाऊच्या धक्क्यावरून लाँचने जाता येते त्या मोऱ्याला, उरणजवळ, १९४१ मध्ये ग्राइंडवेल ही चाके बनवणारी कंपनी उभी राहिली.

चाकातला प्रत्येक कण म्हणजे एक सूक्ष्म छिन्नी. कण बोथट झाला की त्याच्यावरचा दाब वाढतो. मग तो फुटून नवी धार देतो किंवा निखळून मागच्या कणाला जागा देतो. म्हणजेच चाक झिजते म्हणूनच ते कापत राहते. चाकावरच्या लेबलात हीच माहिती असते. उदा. ‘ए ४६ के ५ व्ही’ : ए म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, ४६ हा कणाचा आकार, के ही कण धरून ठेवणाऱ्या बंधाची पकड, ५ ही रचनेची विरळता आणि व्ही म्हणजे भाजलेल्या मातीसारखा काचमय बंध.

गिरणीतले खास ग्राइंडिंग

कापसाचे तंतू विंचरून सरळ करणारे यंत्र म्हणजे कार्डिंग यंत्र. त्याच्या मोठ्या पिंपावर बारीक तारांची दाट दाढी असलेला पट्टा गुंडाळलेला असे. तारांची टोके बोथट झाली की सुतात गाठी येत. म्हणून ठरावीक काळाने तारांनाच धार लावावी लागे. त्यासाठी ‘हॉर्सफॉल’ नावाचे साधन वापरत. त्यात सुमारे चार इंच रुंदीचे, एमरी लावलेले चाक एका पोकळ दंडावर बसवलेले असते. दंडाच्या आत उजव्या आणि डाव्या असे दोन्ही आटे एकमेकांना छेदणारा स्क्रू असतो. एका आट्यावरून चाक पलीकडे जाते, टोकाला दुसऱ्या आट्यात शिरते आणि आपोआप परत येते. सुमारे मीटरभर रुंदीच्या पिंपाला या येरझारांनी सारखी धार लागते. ओल्डहॅमच्या ड्रॉन्सफील्ड ब्रदर्स या कंपनीची अशी साधने प्रसिद्ध होती. पुढे करवतीसारख्या दात्यांच्या कठीण तारा आल्या आणि हे काम बरेच कमी झाले. त्यामुळे आज असा दंड कोणाला सापडला, तर तो ‘कसला तरी लोखंडी रूळ’ म्हणून भंगारात जाण्याचीच शक्यता अधिक!

यंत्राचे वय कसे ठरवावे?

इतिहासाचा अभ्यासक नाणे पाहून थराचा काळ ठरवतो, तसेच येथे करायचे. प्रत्येक पुरावा दोनपैकी एकच गोष्ट सांगतो : ‘याच्या आधीचे नाही’ किंवा ‘याच्या नंतरचे नाही’. हा भेद नीट ध्यानात ठेवला पाहिजे.

विक्रेत्याची पितळी पट्टी पाहा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याआधी मुंबईच्या पत्त्यात विभागाचा लहान क्रमांक असे : गिरगाव ४, परळ १२, दादर १४. पट्टीवर ‘मुंबई ४०० ००४’ असेल, तर ती १९७२ च्या आधीची नाही, हे निश्चित. नुसते ‘मुंबई ४’ असेल तर ती बहुधा त्याआधीची. पण जुनी सवय लगेच सुटत नाही, म्हणून येथे ‘निश्चित’ म्हणता येत नाही.

आटे मोजा. अर्ध्या इंचाच्या ब्रिटिश व्हिटवर्थ बोल्टला एका इंचात १२ आटे असतात, अमेरिकन बोल्टला १३. व्हिटवर्थ आट्याचा कोन ५५ अंश, तर अमेरिकन व मेट्रिक आट्याचा ६० अंश. बोल्ट बदललेला असू शकतो. म्हणून बिडाच्या ओतकामातच पाडलेले आटे तपासावेत.

यंत्र कशावर चालत होते ते पाहा. पायऱ्यांची चपट्या पट्ट्याची पुली असेल आणि मोटार नंतर जोडलेल्या कोनावर बसवलेली असेल, तर ते यंत्र छताखालच्या लांब दंडावर चालण्यासाठी बनले होते. खोपोलीच्या टाटा जलविद्युत केंद्राची वीज १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पण त्यानंतरही कित्येक वर्षे एका मोटारीवर एक दंड आणि त्या दंडावर अनेक यंत्रे अशी पद्धत राहिली. मोटारीच्या पट्टीवर ‘आयएस ३२५-१९७८’ असे असेल, तर मोटार १९७८ च्या आधीची नाही. मात्र हे वय मोटारीचे, यंत्राचे नव्हे. चाकाचेही तसेच. चाक ही संपणारी वस्तू. त्यावरून यंत्राचा काळ ठरत नाही.

यंत्राचा अनुक्रमांक बहुधा बेडच्या टोकाला ठोकलेला असतो. तो पुसट असेल तर पॉलिश पेपर मुळीच लावू नये. पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिलीचे शिसे आडवे फिरवावे. नाण्याचा ठसा घेतो तसा आकडा उमटतो. काही जुन्या उत्पादकांच्या अनुक्रमांकांच्या वर्षवार याद्या उपलब्ध आहेत. त्यांत आकडा जुळला की वर्ष हाती येते.

वेगाचे गणित

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. जुन्या यंत्राला नवी मोटार जोडताना झालेली चूक जिवावर बेतू शकते. समजा, चाकाचा व्यास २०० मिमी आहे. मोटार मिनिटाला १४४० फेरे घेते आणि पुल्यांमुळे चाकाचे फेरे दुप्पट, म्हणजे २८८० होतात. चाकाच्या कडेचा वेग = ३.१४ × ०.२ × २८८० ÷ ६० = सुमारे ३० मीटर प्रतिसेकंद. हा वेग ताशी १०८ किमी होतो. काचमय बंधाच्या नेहमीच्या चाकांची मर्यादा साधारण ३३ मीटर प्रतिसेकंद असते, म्हणजे आपण मर्यादेच्या आत आहोत.

पण १४४० ची मोटार जळाली आणि कोणी त्याच पुलीवर २८८० फेऱ्यांची मोटार बसवली तर? कडेचा वेग ६० मीटर प्रतिसेकंद होईल. चाकाला आतून फाडू पाहणारा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे तो चौपट होईल. यंत्र दिसायला तेच, आवाज थोडा चढा, आणि चाक मात्र फुटण्याच्या बेतात! म्हणून मोटारीचे फेरे, दोन्ही पुल्यांचे व्यास आणि चाकावर छापलेला कमाल वेग ही तीन माहिती हाती आल्याशिवाय कळ दाबू नये.

यंत्राबरोबर आलेले जुने चाक नमुना म्हणून जपावे, पण फिरवू नये. नवे काचमय चाकही बसवण्यापूर्वी वाजवून पाहावे. मडके घेताना आपण टिचकी मारतो, तसेच. चाक बोटावर तोलून स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच ठोकले की खणखणीत नाद आला पाहिजे. बद्द आवाज आला तर चाकाला चीर आहे.

दोन्ही टोकांना चाके असलेल्या बेंच ग्राइंडरच्या डाव्या बाजूच्या नटाला उलटे आटे असतात. चाके एकाच दिशेने फिरतात, पण टोकाकडून पाहिले तर ती दिशा दोन्हीकडे उलट दिसते. आटे उलटे ठेवल्याने यंत्र सुरू होताना मागे रेंगाळणारा नट सैल न होता आवळतो. हे माहीत नसल्याने कित्येक दंडांचे आटे जोर लावून मोडले गेले आहेत.

सपाट म्हणजे काय?

रंग नवा केला की यंत्र नवे दिसते. अचूकता मात्र सरकपट्ट्यांच्या सपाटीतून येते. ही सपाटी मुळात आली कोठून? दोन पट्ट एकमेकांवर चपखल बसले, तरी एक फुगीर आणि दुसरा खोलगट असू शकतो. तिसरा पट्ट घेतला की हे लपत नाही. क, ख, ग या पट्टांचे फुगीरपण मोजा. क आणि ख जुळले तर क = −ख. ख आणि ग जुळले तर ख = −ग, म्हणून क = ग. आता ग आणि क ही जुळले तर ग = −क. म्हणजे क = −क, आणि हे फक्त शून्यालाच शक्य आहे. (पिळाचा दोष सापडावा म्हणून पट्ट काटकोनात फिरवूनही पाहतात.) आठवीच्या बीजगणिताचा याहून सुंदर उपयोग क्वचितच सापडेल.

जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये ग्लासगो येथे ही पद्धत मांडली. पट्ट एमरीने एकमेकांवर घासू नका, रंग लावून उंचवटे शोधा आणि तेवढेच खरवडा, असा त्यांचा आग्रह होता. म्हणजे ग्राइंडिंग यंत्राची अचूकता घासण्यातून नव्हे, खरवडण्यातून जन्मली! जुन्या बेडच्या टोकांना या खरवडण्याची नक्षी अजून दिसते, कारण झीज मध्यावर होते. ती न झिजलेली टोके हाच मूळ मापाचा पुरावा. उत्साहाच्या भरात सगळा बेड घासून चकचकीत केला तर तो पुरावा कायमचा जातो.

गंज आणि रंग

सरकणाऱ्या भागांवर वाळूचा मारा करू नये. सुटलेले कण बेअरिंगमध्ये शिरतात. रॉकेल व मऊ ब्रश पुरे. लहान भागांचा गंज काढण्यासाठी धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात १२ व्होल्टचा एकदिश प्रवाह सोडतात. भाग ऋण टोकाला, साध्या लोखंडाचा पत्रा धन टोकाला. स्टेनलेस पत्रा वापरल्यास विषारी क्रोमियम संयुगे होतात, आणि मीठ घातल्यास क्लोरीन वायू सुटू शकतो. दोन्ही टाळावे. हायड्रोजन निघतो, म्हणून हे काम उघड्यावर करावे. स्प्रिंगा व कडक पोलादाचे भाग यात घालू नयेत. हायड्रोजनने ते ठिसूळ होतात. जुन्या रंगात शिसे असू शकते. तो कोरडा घासू नये आणि मुलांना तर घासू देऊच नये. तळहाताएवढा जुना रंग मात्र तसाच राखावा. त्याखालचे थर पुढच्या अभ्यासकाला उपयोगी पडतील.

शाळेत काय करता येईल?

यंत्र चालू करण्याची मुळीच गरज नाही. तंत्रशाळेतील किंवा ओळखीच्या कारखान्यातील एक बंद यंत्र निवडावे. विद्यार्थ्यांनी त्याची छायाचित्रे, ठसे, आट्यांची मापे, पुल्यांचे व्यास नोंदवावेत. प्रत्येक नोंदीपुढे ‘याच्या आधीचे नाही’ किंवा ‘याच्या नंतरचे नाही’ असे लिहावे आणि शेवटी वयाचा अंदाज बांधावा. मग गिरणगावातील एखाद्या निवृत्त फिटरकाकांना बोलवावे. चाकाच्या आवाजावरून ते बोथट झाल्याचे कसे कळते, किती काप घेतला की काम जळते, हे कोणत्याही पट्टीवर कोरलेले नसते. यंत्र भंगारातून परत आणता येते. हे ज्ञान ज्यांच्या हातात आहे, त्यांना विचारायला मात्र फार वर्षे उरलेली नाहीत. म्हणून वहीची सुरुवात त्यांच्यापासून केली तर अधिक चांगले.