देहाचा जमाखर्च : बारावीच्या जीवशास्त्राची उजळणी

दुकानाचे दार ओढले की व्यापारी घरात रोजकीर्द मिटवण्याची वेळ येते. गल्ल्यातील रोकड मोजली जाते, उधारीच्या नोंदी होतात, शिल्लक जुळते आणि मगच दिवे मालवले जातात. नेमक्या त्याच वेळी आतल्या खोलीत बारावीची मुलगी जीवशास्त्राचे पुस्तक उघडून बसलेली असते. वडील दारात क्षणभर थांबतात, "अभ्यास कसा चालला आहे, बेटा?" असे विचारतात, "चालला आहे, पप्पा," असे उत्तर येते आणि संवाद तेथेच संपतो. ज्या घरात दोन-तीन पिढ्या वाणिज्य शाखेतच शिकल्या, त्या घराची अशी प्रामाणिक समजूत असते की विज्ञानाच्या या अभ्यासात आपण शुल्क भरण्यापलीकडे काही करू शकत नाही. ही समजूत खरी नाही. जीवशास्त्रातील ज्या दोन विभागांना विद्यार्थी सर्वांत अधिक भितात, ते जैवरसायनशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र, हे मुळात जमाखर्चाचे विषय आहेत. आणि जमाखर्च तपासण्याचे संस्कार या घरांत पिढ्यान्पिढ्या आहेत.

अकरावीची विसरलेली बाकी

प्रथम परीक्षेचे स्वरूप ध्यानात घ्यावे. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत जीवशास्त्राची लेखी परीक्षा ७० गुणांची आणि प्रात्यक्षिक ३० गुणांचे असते. प्रश्न बारावीच्या पुस्तकावरच येतात. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत मात्र १८० प्रश्नांपैकी ९० जीवशास्त्राचे, म्हणजे ७२० पैकी ३६० गुण याच विषयाचे, आणि त्यांत अकरावी व बारावी या दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम येतो. अचूक उत्तरास ४ गुण मिळतात, चुकीच्या उत्तरास १ गुण वजा होतो. म्हणजे योग्य आणि अयोग्य उत्तरांत एकूण ५ गुणांचे अंतर पडते.

अडचण येथेच आहे. राज्य मंडळाच्या पुस्तकांत जैवरेणू, पेशीतील श्वसन व ऊर्जा आणि उत्सर्जन ही प्रकरणे अकरावीत येतात, तर मानवी श्वसन व रक्ताभिसरण आणि नियंत्रण व समन्वय ही प्रकरणे बारावीत. अकरावीचे पुस्तक कपाटात गेले की मुळे तुटतात आणि बारावीत केवळ फांद्या पाठ केल्या जातात. उजळणीचा आरंभ म्हणूनच अकरावीच्या आरंभीच्या शिलकेपासून व्हावा. आणखी एक सावधगिरी अशी, की २०२४ पासून 'नीट'च्या पाठ्यक्रमातून पचन व शोषण हे प्रकरण वगळण्यात आले. चुलत भावाची जुनी वही कितीही सुंदर असली तरी चालू वर्षाचा अधिकृत पाठ्यक्रम समोर ठेवूनच तिचा उपयोग करावा.

ग्लुकोजची खतावणी

आता प्रत्यक्ष हिशेबाकडे वळू. पेशीतील ऊर्जेचे चलन म्हणजे एटीपी. त्याचा शोध १९२९ साली कार्ल लोहमान यांनी लावला; त्याच काळात अमेरिकेत सायरस फिस्के आणि आंध्रातील भीमावरमचे सुपुत्र येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनीही तो स्वतंत्रपणे शोधला. शरीरात कोणत्याही क्षणी एटीपीचा साठा अगदी थोडा असतो. परंतु तेच रेणू पुनःपुन्हा मोडून आणि घडवून दिवसभरात होणारी उलाढाल देहाच्या वजनाच्या घरात जाते. थोड्या भांडवलावर मोठी उलाढाल कशी होते, हे व्यापाऱ्यास समजावून सांगावे लागत नाही.

एका ग्लुकोजच्या रेणूत ६ कार्बन असतात. ग्लायकोलायसिस या पहिल्या टप्प्यात पेशी आधी २ एटीपी गुंतवते, नंतर ४ मिळवते. निव्वळ लाभ २. याशिवाय २ एनएडीएच हाती येतात. एनएडीएच म्हणजे रोकड नव्हे, ती हुंडी आहे. पुढे पायरुव्हिक आम्ल तंतुकणिकेत शिरते, तेव्हा आणखी २ हुंड्या मिळतात. क्रेब्ज चक्राचे दोन फेरे होतात. त्यांतून ६ एनएडीएच, २ एफएडीएच-२ आणि २ एटीपीइतकी रोकड मिळते. या सर्व हुंड्या तंतुकणिकेच्या आतील पटलावरील इलेक्ट्रॉन वहन साखळीच्या पेढीवर वटतात. जुन्या गणनेप्रमाणे एनएडीएचला ३ आणि एफएडीएच-२ ला २ एटीपी मिळतात, कारण दुसरी हुंडी साखळीत पहिल्या खिडकीवर नव्हे, पुढच्या ठिकाणी सादर होते.

आता तेरीज मांडावी. १० एनएडीएचचे ३०, २ एफएडीएच-२ चे ४ आणि थेट रोकड ४, एकूण ३८. काही पुस्तकांत ३६ का दिसतात? ग्लायकोलायसिसमधील २ हुंड्या तंतुकणिकेच्या बाहेर तयार होतात. त्यांतील इलेक्ट्रॉन आत नेताना काही ऊतींत प्रत्येकी १ एटीपीची हुंडणावळ द्यावी लागते. नव्या संशोधनानुसार एनएडीएचला सुमारे अडीच आणि एफएडीएच-२ ला सुमारे दीड एटीपी धरतात, म्हणून प्रगत ग्रंथांत ३० ते ३२ हा आकडा येतो. परीक्षेत आपल्या पाठ्यपुस्तकाचा आकडा लिहावा; परंतु फरक कोठून आला हे ज्यास ठाऊक आहे, तो विद्यार्थी फिरवून विचारलेल्या प्रश्नाने गोंधळत नाही.

कार्बनचाही ताळा घ्यावा. ६ कार्बन आत आले. पायरुव्हिक आम्लाच्या रूपांतरात २ आणि क्रेब्ज चक्रात ४ कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने बाहेर गेले. खाते पूर्ण मिटले. ऑक्सिजन मात्र शेवटच्या पेढीवरच लागतो. तो नसेल तर हुंड्या वटत नाहीत, रिकाम्या एनएडीचा तुटवडा पडतो आणि पहिला टप्पाही थांबू लागतो. म्हणून जोरात धावणारा स्नायू पायरुव्हिक आम्लाचे लॅक्टिक आम्ल करून एनएडी मोकळा करून घेतो आणि २ एटीपीच्या किरकोळ लाभावर वेळ निभावतो. एवढे एक कारण समजले की चार-पाच स्वतंत्र वाटणारे प्रश्न एकाच उत्तरात सामावतात.

या चक्राचा शोध लावणारे हान्स क्रेब्ज यांचा १९३७ मधील शोधनिबंध 'नेचर' या नियतकालिकाने परत पाठवला होता. तो अन्यत्र प्रसिद्ध झाला आणि १९५३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सराव परीक्षेत गुण कमी पडल्याने खचलेल्या मुलास ही हकिकत अवश्य सांगावी.

हृदय आणि वृक्क यांचा ताळेबंद

रक्ताभिसरणाचा शोध तर हिशेबातूनच सिद्ध झाला. विल्यम हार्वे यांनी १६२८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखवले की हृदय अर्ध्या तासात जितके रक्त पुढे ढकलते, तितके संपूर्ण देहातही नसते. अर्थात तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे. आजचे आकडे घेऊन हा हिशेब घरीच करता येतो. एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर, मिनिटाला ७२ ठोके; गुणाकार ५,०४० मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे ५ लिटर. हृदयाचे एक चक्र सुमारे ०.८ सेकंदाचे का, हेही पाठ करण्याची गरज नाही. ६० सेकंदांस ७२ ने भागले की उत्तर समोर येते.

दोन्ही वृक्कांत मिळून मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर द्रव गाळला जातो. दिवसाची १,४४० मिनिटे धरली तर १८० लिटर. बाहेर पडणारे मूत्र मात्र सुमारे दीड लिटर. उरलेले ९९ टक्के पाणी कोठे गेले? हा प्रश्न ज्याने स्वतःस विचारला, त्याला नेफ्रॉनची आकृती रटावी लागत नाही. पुनःशोषणाचा प्रत्येक टप्पा त्या उत्तराचा भाग म्हणून ध्यानात राहतो.

घरातलाच धडा

या वाचकवर्गाच्या घरी शरीरक्रियाशास्त्राचा एक धडा दरवर्षी प्रत्यक्ष घडतो. पर्युषणात आजी अठ्ठाई करते, तेव्हा तिच्या देहात काय चालले आहे? यकृतातील ग्लायकोजनचा साठा सुमारे १०० ग्रॅमचा असतो आणि तो साधारण एका दिवसात संपत येतो. इन्सुलिन उतरते, ग्लुकागॉन वाढते. यकृत अमिनो आम्ले, ग्लिसरॉल आणि लॅक्टिक आम्ल यांपासून नवे ग्लुकोज घडवू लागते, कारण तांबड्या रक्तपेशींत तंतुकणिका नसल्याने त्यांना ग्लुकोजवाचून गत्यंतर नाही. पुढील दिवसांत मेदापासून कीटोन द्रव्ये तयार होतात आणि मेंदू त्यांवर बराचसा निर्वाह करू लागतो. तसेच चौविहार पाळणाऱ्याच्या देहात रात्री पाण्याची आवक थांबते, तेव्हा एडीएच हे संप्रेरक वाढते आणि वृक्क गाळलेल्या द्रवाच्या जवळजवळ चौपट तीव्रतेपर्यंत मूत्र दाट करून पाणी राखू शकतात. जैवरेणू, श्वसन, उत्सर्जन आणि संप्रेरके ही चार प्रकरणे अशी एका उपवासात एकत्र येतात. नातीने आजीजवळ बसून हे समजावून सांगितले, तर तिची उजळणी होईल आणि आजीलाही आपल्या तपाकडे नात किती आदराने पाहते हे कळेल.

वाचणे वेगळे, आठवणे वेगळे

उजळणीत सर्वांत मोठी फसगत पुनःपुन्हा वाचण्याने होते. पान ओळखीचे वाटते आणि विद्यार्थी ते आले असे मानतो. हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवले की शिकलेले आरंभी झपाट्याने विसरते आणि अंतराअंतराने केलेल्या आवृत्तीने टिकते. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ मधील प्रयोगात, मजकूर पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत पुढे होते. पण आठवड्यानंतर, ज्यांनी पुस्तक मिटून आठवण्याचा सराव केला होता, ते पुढे गेले. कोऱ्या कागदावर ग्लुकोजचे खाते मांडावे, मग पुस्तक उघडून लाल शाईने ताळा घ्यावा. तेच दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने करावे. चुकांची वेगळी वही ठेवावी. न जुळलेली रक्कम पुढच्या पानावर ओढून नेत राहिले तर वर्षअखेरीस काय होते, हे या घरांत कोणास सांगायला नको.

आणि येथेच वडिलांचे काम सुरू होते. त्यांनी पुस्तक हाती घ्यावे आणि प्रत्येक प्रकरणास तीनच प्रश्न विचारावेत : कोठून आले? कोठे गेले? किती उरले? उत्तर बरोबर की चूक हे छापलेल्या पानावरून कळते. त्यासाठी एमबीबीएस असावे लागत नाही. मुलगी अडखळली तर रागावू नये. न जुळणारी रोजकीर्द पाहून कोणी मुनीम वही फेकत नाही, तो पुन्हा वरून बेरीज करतो. त्यानंतर तिला झोपू द्यावे, कारण दिवसभर शिकलेले पक्के होण्यात झोपेचाही वाटा असतो.

प्रवेश मिळेल किंवा न मिळेल. जागा थोड्या आहेत आणि उमेदवार फार. परंतु निकालाच्या दिवशी, वर्षभर रोज अर्धा तास आपल्यासमोर बसलेला बाप ज्या मुलीने पाहिला आहे, ती कोणताही आकडा घेऊन त्याच्यापुढे निर्भयपणे उभी राहू शकते. दुकानाची शिल्लक रात्री जुळवावीच. त्यानंतरचा अर्धा तास मात्र आतल्या खोलीच्या खाती जमा करावा.